वाऱ्याखाली

"नाझरसाहेब, पहिली सही तुमची."

दिनकररावांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. स्वतःच्या खिशातले पेन काढले, त्याचे टोपण काढले आणि पेन माझ्या बोटांत दिले. टोपण त्यांनी स्वतःजवळ ठेवले.

रविवारची सकाळ होती. वसाहतीच्या गणपती मंदिराचा सभामंडप. सतरंज्या अंथरलेल्या, चहाचे कप फिरत होते. वसाहतीचे नाव लिहीत नाही. कमानीवर एका संताचे नाव आहे, एवढे पुरे. मी कोर्टातून निवृत्त झालो तेव्हापासून येथे राहतो. नोकरीत शेवटी नाझर होतो, म्हणून अजूनही सगळे मला नाझरसाहेब म्हणतात. दिनकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वसाहतीचे अध्यक्ष. आमची दारे समोरासमोर आहेत.

कागद नुकताच मोठ्याने वाचून झाला होता. मंजिरीताईंनी वाचला. त्या शाळेत मराठी शिकवतात, उच्चार स्वच्छ. वसाहतीच्या पश्चिमेला सरकारी जमीन मोकळी पडलेली आहे. तेथे बेघर कुटुंबांसाठी घरकुले बांधायचे शासनाने ठरवले होते. त्याला आम्हा सर्व रहिवाशांची तीव्र हरकत आहे, असा तो अर्ज होता. कारणे दिली होती. शांतता. मुलींची सुरक्षितता. रस्त्यावरील गर्दी. आणि शेवटी हे कारण, जे मी शब्दशः देतो:

"सदर जागा वसाहतीच्या वाऱ्याच्या अंगास असून वर्षातील बहुतांश काळ वारा त्याच बाजूने वाहतो. त्यामुळे येथील सुसंस्कृत रहिवाशांच्या आरोग्यास बाधा पोहोचेल."

मंजिरीताईंनी "सुसंस्कृत" या शब्दावर किंचित जोर दिला. सवयीने दिला असेल.

मी पेन धरून बसलो. सही मी आयुष्यभर केली आहे. समन्सवर केली, जप्तीच्या वॉरंटवर केली. हाताला काही झालेले नव्हते. तो नुसता कागदावर पडून होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

कापडदुकानवाले बालाजीशेठ भिंतीला टेकून बसले होते. ते मोकळेपणाने बोलतात. त्यांचा स्वभाव तसा आहे.

"कसं हाय अध्यक्षसाहेब, नाझरसाहेबांची सही सगळ्यांच्या वर पायजे. मग कुणाच्या बापाला जातीचं नाव काढता येत न्हाय. ॲट्रॉसिटीचा विषयच संपला! आपलं चिलखत हाय साहेब."

लोक हसले. मोठ्याने नाही, सभ्यपणे. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. माझा चहा निवत चालला होता, तो कोणीतरी बदलून गरम चहाचा दुसरा कप ठेवला.

दिनकरराव माझ्याकडे झुकले. त्यांच्या मते ते मला धीर देत होते.

"तुम्ही काय आता त्यांच्यातले राहिलात का साहेब? तुम्ही आपले."

या वाक्याचा मी पुढे पुष्कळ दिवस विचार केला. त्यातला प्रत्येक शब्द बाजूला काढून तपासला, साक्षीदाराचा जबाब तपासतात तसा. "आता" हा शब्द पाहा. "राहिलात" पाहा. इतकी वर्षे या वसाहतीत माझ्या जातीबद्दल कोणी एक अक्षर बोलले नव्हते. मी समजत होतो की ती गोष्ट येथे मागे पडली. ती मागे पडलेली नव्हती. त्यांनी ती जपून ठेवली होती, कामाच्या दिवशी काढण्यासाठी.

मला राग आला नाही. मी रागीट म्हणून ओळखला जातो, माझ्या अर्जांना तालुक्यातली कार्यालये वचकून असतात. पण त्या सकाळी आत काहीच हलले नाही. मी म्हणालो, "घरी नेतो. भाषा तपासतो."

"तपासा, तपासा," दिनकरराव खूश झाले. "कच्चा खर्डाच आहे तो. खरी भाषा तुमचीच."

हे खरे होते. वसाहतीची भाषा माझीच होती.

येथे नळाची जोडणी आली ती माझ्या अर्जाने. रस्त्यावरचे दिवे आले ते माझ्या अर्जाने, आणि दुसऱ्या आठवड्यात विझले तेव्हा माझ्याच स्मरणपत्राने पुन्हा लागले. सांडपाण्याच्या गटारावर फरश्या बसल्या. ज्या जमिनीवरून आता हा अर्ज झाला, त्या पश्चिमेच्या जमिनीवर एका पुढाऱ्याच्या भाच्याने तारेचे कुंपण घालायला घेतले होते. तेव्हाही हेच लोक माझ्या ओसरीवर आले होते. मी उताऱ्याची नक्कल काढली आणि लिहिले: ही जमीन शासनाची असून सार्वजनिक प्रयोजनाखेरीज तिचा वापर करता येत नाही. कुंपण निघाले. मला याच सभामंडपात शाल आणि नारळ मिळाला. माझ्या गौरवाचे भाषण मंजिरीताईंनी केले होते.

आता सार्वजनिक प्रयोजन आले होते. ते चालत, पत्र्याच्या पेट्या आणि गोधड्या घेऊन येणार होते. वसाहतीला त्या जागी ज्येष्ठ नागरिकांसाठी बाग हवी होती. अर्जात ती सूचनाही होती. मीही ज्येष्ठ नागरिकच आहे. त्या बागेत एक बाकडे माझेही झाले असते.

मी घरी आलो. कागद टेबलावर ठेवला. चष्मा लावला. पहिल्या परिच्छेदात एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त केली. नंतर "वाऱ्याच्या अंगास" या शब्दांशी आलो आणि तेथेच थांबलो.

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवायला वाढू का?" तिने दोनदा विचारले असावे.

आमचे गाव येरमाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. माझी आई मालकाच्या खळ्यावर जाई. ज्वारीची मळणी झाली की उपणणी. उपणणी म्हणजे वाऱ्यावर धान्य पाखडणे. मालकाचा माणूस वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर उभा राहून टोपल्यातली मळलेली ज्वारी हळूहळू खाली सोडी. दाणे सरळ खाली पडत. भूस वाऱ्याने पुढे उडे. दाण्यांची रास लागे. राशीला हळदकुंकू लावत, तिच्याजवळ चप्पल घालून कोणी जात नसे.

कापणी माझ्या आईने केलेली असे. कणसे तिनेच खुडलेली असत. पण कणसाचा दाणा सुटला आणि त्याची रास झाली की आई लांब जाई. ती का जाते हे मला कळत नसे. खळे उठल्यावर जमिनीला चिकटलेले दाणे, माती, खडे असे सगळे एकत्र झाडून जे निघते त्याला मातेरे म्हणतात. ते आमचे. ते मिळेपर्यंत थांबावे लागे.

एकदा आई थोडी अलीकडे उभी राहिली. ऊन होते, बाभळीची सावली तेवढीच होती. वावडीवरचा माणूस ओरडला,

"ए, वाऱ्याखाली थांब! राशीला वारं लागंल तुझं!"

आई निमूट उठली. मला बोटाला धरून पलीकडच्या बाजूला गेली, जेथे भूस पडते तेथे. वारा पश्चिमेचा होता. भूस सरळ आमच्या तोंडावर येत होते. ज्वारीचे भूस अंगाला लागले की आग होते, खाज सुटते. आईच्या भुवया, केस, ओठ पिवळे झाले. तिने तोंड पुसले नाही. दोन्ही हातांनी तिने मातेऱ्यासाठी पदर धरून ठेवला होता. माझ्या डोळ्यात कुसळ गेले. मी डोळा चोळू लागलो.

"चोळू नको," ती म्हणाली. "उघडा ठेव. आपोआप निघंल."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हते. भूस होते. तो चेहरा मला त्या रविवारी प्रथम कळला, कारण मंदिरात माझा चेहरा तसाच झाला असणार.

पुढे नोकरीत जमिनीच्या दाव्यांत गावोगावचे नकाशे माझ्या हाताखालून गेले. गावठाण मध्ये, आणि महारवाडा, मांगवाडा बहुतेक पूर्वेला. मी प्रथम समजलो की योगायोग आहे. आमचा मांगवाडाही पूर्वेलाच होता. पश्चिमेकडून येणारा वारा आधी पाटलाच्या घरावरून जाई, मग देवळावरून, मग बाजारपेठेवरून, आणि सगळ्यांचा वापरून झालेला असा आमच्याकडे येई. आमचा वारा मात्र कोणाकडे जाऊ नये. गावे वसवणाऱ्यांनी हे लिहून ठेवले नव्हते. लिहायची गरज नव्हती.

दिनकररावांना यातले काही ठाऊक असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच ते अधिक वाईट आहे. त्यांनी ते कोठून शोधून काढलेले नव्हते. अर्जाला आणखी एक कारण हवे होते, तेव्हा ते त्यांच्या हातून आपोआप उतरले.

कागद टेबलावर पडून राहिला. मी जेवत होतो, झोपत होतो, वर्तमानपत्र वाचत होतो. कशालाच चव नव्हती. पत्नीने विचारले, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "बरं आहे." तेही खरे होते. काहीच वाटत नव्हते.

बाजाराच्या दिवशी शेवंता आली.

शेवंता माझी धाकटी बहीण. लहानपणी खळ्यावर तीही आईबरोबर येई. शहराच्या पूर्वेला नाला आहे, त्याच्या काठच्या वस्तीत राहते. आयुष्य ऊसतोडीत गेले. कधी ढोकीकडे, कधी पार कोल्हापूरकडे, टोळी जाईल तिकडे. नवरा तोडीवरच वारला. आता गुडघे गेले आहेत, म्हणून बाजारात कोथिंबीर-मेथीच्या जुड्या विकते. पाऊस लागला की नाल्याचे पाणी तिच्या चुलीपर्यंत येते. घरकुलाच्या यादीत तिचे नाव मंजूर झाले होते. घर मंजूर होते. ते उभे करायला जागा नव्हती, आणि आता मिळाली होती ती माझ्या घराजवळची.

ती ओसरीच्या पायरीवर बसली. खुर्चीवर ती बसत नाही, गुडघे वळत नाहीत म्हणते. टोपलीतली राहिलेली मेथी तिने माझ्या पत्नीला दिली आणि मग मला म्हणाली,

"दादा, तुमच्या कालनीनं कागुद केलाय म्हणं आमच्यावर."

"हो."

"तुमची सई मागितली म्हणं."

"हो."

तिने पदराने मान पुसली.

"करा की मग. तुमाला हितंच ऱ्हायाचंय. सकाळ उठून त्यांचंच तोंड बघायचंय."

ती टोमणा मारत नव्हती. मनापासून सांगत होती. माझ्यावर उपकार करत होती. मी तिच्या पायांकडे पाहत राहिलो. उसाच्या पाचटाने चिरलेल्या टाचा. आयुष्यात मला एवढे लाजवणारे वाक्य कोणी ऐकवलेले नाही, आणि तेही ऐकून मी दगडासारखा बसलो होतो.

"तुला तेथे घर नको?" मी विचारले.

"नको कशाला? पर मला काय, लई न्हाय लागत. दाराला कडी पायजे. आतून." तिने हवेत कडी लावून दाखवली. "तोडीवरच्या कोपीला दार नसतंय दादा. पडदा असतोय. आडोसा. जन्म गेला माझा पडद्याआड. आतून कडी लावून झोपल्यावर कसं वाटतंय ते एकदा बघायचंय."

मी उठलो, कागद आणला आणि तिला वाचून दाखवला. पूर्ण वाचला. शांतता, सुरक्षितता, गर्दी. ती ऐकत होती, कोपऱ्यात लोळणाऱ्या मांजरीकडे बघत होती. वाऱ्याच्या वाक्याशी आलो तेव्हा तिने मान वर केली.

"काय म्हणलं?"

मी पुन्हा वाचले.

शेवंता हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. हसताना तिचे राहिलेले दात दिसत होते. पत्नी दारात येऊन उभी राहिली.

"आगं आय! राशीला वारं लागतंय व्हय आमचं? आजून खळंच चाललंय का, दादा?"

मी कागदाची घडी घातली.

"चैतात येडाईला गेलते म्या," ती डोळे पुसत म्हणाली. येरमाळ्याच्या येडेश्वरीला आम्ही येडाई म्हणतो. चैत्र पौर्णिमेनंतर तेथे हजारो लोक रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात, त्या चुन्याने देवीचे मंदिर रंगवतात. "त्या कापडवाल्या शेठची बायकू माझ्या म्होरंच वाकलेली. वळखलं नाय तिनं मला. तिनं येचलेलं खडं आन् म्या येचलेलं, एकाच ढिगात पडलं. देवीच्या भितीला एकच चुना लागला. तवा कुणाला वारं लागलं न्हाय!"

मग तिने हसणे थांबवले. टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आयचं त्वांड आठवतंय का तुमाला? भुसानं भरल्यालं?"

ती गेली. मी ओसरीत उभा होतो. पश्चिमेकडून वारा येत होता, नेहमीसारखा. त्याला कसलाच वास नव्हता. मोकळ्या रानाला जो असतो तो.

संध्याकाळी मी समोरच्या दारात गेलो. दिनकरराव बाहेरच झोपाळ्यावर होते. मी कागद त्यांच्या हाती दिला.

"झाली का सही?"

"भाषा तपासली. एक वेलांटी चुकली होती. सही करणार नाही."

त्यांनी कागद उलटून पाहिला, जणू सही मागच्या बाजूला असेल.

"का बरं?"

"यादीत माझी सख्खी बहीण आहे."

मग त्यांना उपाय सुचला. त्यांचा चेहरा खरोखर उजळला. इंजिनिअर माणूस.

"मग एवढंच ना! तिला तुमच्याकडंच आणून ठेवा. वरची खोली रिकामीच आहे तुमची. एक बाई आली तर कुणी काही म्हणणार नाही. आम्ही सांभाळून घेऊ."

"सांभाळून काय घ्याल?"

"म्हणजे... तुम्ही कसं शब्दात पकडता हो, साहेब."

"मी शब्दातच नोकरी केली," मी म्हणालो. "तिला खोली नको आहे. तिला घर मंजूर आहे. तिच्या नावाचे. शेजाऱ्यांसह."

त्यांनी झोपाळा थांबवला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली गोडी गेली.

"शेवटी मूळ वळणावर गेलात तुम्ही."

त्या रात्री वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून माझे नाव काढले गेले. आरतीला आमच्याकडे ताट येईनासे झाले. पत्नीला भाजीवाल्याच्या गाडीपाशी बायका जागा करून देऊ लागल्या, जरा जास्तच जागा. तिने घरी येऊन ते सांगितले आणि भाजी निवडायला बसली. अर्ज माझ्या सहीविना गेला. पहिली सही मंजिरीताईंची होती.

सुनावणी प्रांताधिकाऱ्यांपुढे ठेवली गेली. दालनात एका बाजूला वसाहत बसली, खुर्च्यांवर. नाल्याकाठची माणसे भिंतीला लागून उभी होती. मी जाऊन भिंतीला लागलो. साहेब तरुण होते, सभ्य. त्यांनी मला विचारले, "आपण कोणत्या बाजूचे?" मी नाव सांगितले, वय सांगितले, राहण्याचा पत्ता वसाहतीचा सांगितला, आणि जात सांगितली. जात त्यांनी विचारली नव्हती. मी म्हणालो, लिहून घ्यावी. कारकुनाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान हलवली. लिहिली गेली.

मग मी हरकत अर्जातील वाऱ्याचे वाक्य वाचले आणि म्हणालो:

"साहेब, दिवाळीनंतर आपल्याकडे वारा फिरतो. पूर्वेकडून येतो. त्या काळात वसाहतीतल्या शौचकुपांचा वास घरकुलांकडे जाईल. त्याबद्दल कोणाची हरकत आली आहे का?"

मागून कोणीतरी खुदकन हसले. बालाजीशेठ म्हणाले, "हे काय बोलणं झालं का? आमच्या घरात काय वास येतोय का?"

"मग त्यांच्या घरात येतो हे आपणास कसे समजले? घरे तर अजून बांधलीच नाहीत."

मी पुढे बोललो. घटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे, कोणत्याही स्वरूपात. स्वरूप बदलले तरी. ती हवामानाच्या भाषेत लिहिली तरी. मी संयमाने बोललो. मला वाटले होते की बोलताना आत काही फुटेल. फुटले नाही. वाक्ये एकामागून एक बाहेर पडत होती, थंड.

साहेबांनी ऐकून घेतले. "तुमचा मुद्दा नोंदवला," म्हणाले. मग त्यांनी फाईलमधून एक कागद काढला. तो टंकलिखित होता. सुनावणी चालू असताना तो टंकलिखित तयार होता, हे कृपया लक्षात घ्यावे.

"वाद वाढवण्यापेक्षा सामोपचार बरा. पर्यायी जागा उपलब्ध आहे. पूर्वेला, नाल्याच्या पलीकडे, कचरा डेपोच्या मागे. वसाहतीची काही हरकत नाही. लाभार्थ्यांनी संमती दिली की लगेच काम सुरू."

खुर्च्यांवर बरे वाटल्यासारखी हालचाल झाली. दिनकरराव म्हणाले, "आम्ही कुणाच्या घराविरुद्ध नाहीच, साहेब. घरं व्हावीतच."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी आपल्या पेनचे टोपण काढले.

"नाझरसाहेब, तुम्हाला दोन्हीकडे मान आहे. संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून पहिली सही तुम्ही करा. मग ही माणसं आपोआप करतील."

तेच पेन नव्हते, पण तसेच माझ्या बोटांत आले. मग मागून, भिंतीपासून, शेवंताचा आवाज आला.

"दादा, तिकडं वारं कुणीकडून येतंय?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. कारकून गालात हसला, म्हातारी काहीतरीच विचारते म्हणून. खुर्च्यांवरच्या कोणाला तो कळला असेल नसेल. मला कळला.

"वसाहतीकडून," मी मोठ्याने म्हणालो. "वसाहतीवरून, मग शहरावरून, मग कचऱ्यावरून. मग तुझ्याकडे."

"मंग न्हाय."

साहेबांनी हात पुढे केला. "हे पाहा आजी, नीट समजून घ्या. ही जागा नाकारली तर योजना परत जाऊ शकते. नुकसान तुमचंच."

"जाऊ द्या," शेवंता म्हणाली. तिचा आवाज कापत होता. भीतीने कापत होता, हे मी तिचा भाऊ असल्याने सांगू शकतो. घराच्या कडीला हात लागला होता आणि ती तो काढून घेत होती. "नाल्यात ऱ्हाईन. पर म्या वाऱ्याखाली न्हाय जायाची. माझी आय उभी ऱ्हायली तितं. पुरं झालं."

तेव्हा माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी टोचले. कुसळ गेल्यासारखे. मी डोळा चोळला नाही. उघडा ठेवला.

टेबलावर टोपण होते. मी ते घेतले, पेनला लावले आणि पेन साहेबांपुढे ठेवले.

"मी सही करणार नाही. आणि माझी सही दाखवून कोणाकडून सही घेऊ देणार नाही."

सुनावणी तहकूब झाली. संमतीपत्रावर भिंतीजवळच्या एकाही माणसाने अंगठा लावला नाही. दालनातून बाहेर पडताना बालाजीशेठ कोणाला तरी म्हणत होते, "शेवटी जात दाखवलीच." ते माझ्या कानावर पडेल इतक्याच आवाजात म्हणाले. मी मागे वळलो.

"हो," मी म्हणालो. "तुम्ही वर सही मागितली होती ना? आता वरच राहील ती, यांच्या अर्जावर."

आज मी हे लिहितो तेव्हा निकाल लागलेला नाही. लागेल तो आमच्या बाजूने लागेल असे मी म्हणत नाही. मी कोर्टात आयुष्य काढले आहे. आशा हा पुरावा नसतो हे मला माहीत आहे. शेवंताच्या चुलीत या पावसाळ्यातही पाणी शिरले. ती वरच्या खोलीत राहायला आली नाही, आणि मी तिला बोलावलेही नाही, कारण तो वसाहतीचा तोडगा होता. मी जाऊन तिच्यासोबत पाणी उपसले.

दिनकररावांनी माझ्या घराला गिऱ्हाईक आणून दाखवले. चांगला माणूस आहे, म्हणाले, तुम्हालाही मोकळं वाटेल. घर विकणार नाही. वसाहतीच्या पश्चिमेच्या कुंपणाला पत्रे ठोकण्याचा ठराव झाला आहे असे ऐकतो. ठोकले तर ते शासकीय जमिनीवरील अतिक्रमण असेल. त्याचीही तक्रार तयार आहे. माझ्या ओसरीची खुर्ची मी पश्चिमेकडे तोंड करून ठेवली आहे. वारा तोंडावर येतो. त्या बाजूने जी माणसे येतील त्यांचा वारा मला लागावा, म्हणून.

मंजूर जागेवरचे काम प्रांतांनी थांबवून ठेवले आहे, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील दिले आहे. तेथे फेटाळले तर विभागीय आयुक्तांकडे देईन. तेथे फेटाळले तर खंडपीठात जाईन. मी मेलो तर वाद संपत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. कायद्यात वारस अभिलेखावर येतात. माझ्या बाबतीत ते वारस नाल्याकाठी राहतात आणि त्यांना मी अर्ज लिहायला शिकवायला घेतले आहे. वसाहतीला यापुढे माझी भाषा मिळणार नाही. दिवे विझले तर विझोत.

अपिलात एकच मागणी आहे. घरे मंजूर जागेवरच, पश्चिमेलाच, बांधावीत. पर्यायी जागा मान्य नाही, आज नाही, आणि पुढे कोणत्याही अटीवर नाही.

खाली पहिली सही माझी आहे. दुसरा अंगठा शेवंताचा. अपील मागे घेतले जाणार नाही.